आश्रित, पात्र आणि नोंदलेले : अमेरिकेतील आरोग्यसुधारणा व बालकांचे विमासंरक्षण (१९१२ ते २०२५)

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आरोग्यविषयक सुधारणांचा इतिहास आजवर बहुधा प्रौढांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कामगार व त्यांचे मालक, डॉक्टरांच्या संघटना, विमा कंपन्या आणि वृद्ध नागरिक ही त्यातील प्रमुख पात्रे होत. बालक या इतिहासात येते ते कोणाचे तरी बोट धरून. कधी ते नोकरदार पित्याचे अपत्य म्हणून येते, कधी निराधार मातेचे मूल म्हणून, तर कधी लष्करात गेलेल्या शिपायाचे तान्हे म्हणून. विम्याच्या छत्राखाली स्वतःच्या हक्काने उभे राहावयास त्याला फार काळ लागला, आणि ती जागाही त्याला पूर्णपणे मिळाली आहे असे आज म्हणता येत नाही.

या विषयावरील कायद्यांची व अहवालांची भाषा पाहिली असता तीन संज्ञा पुन्हा पुन्हा भेटतात : ‘आश्रित’, ‘पात्र’ आणि ‘नोंदलेले’. वरवर पाहता त्या केवळ कारकुनी संज्ञा वाटतात. वस्तुतः त्या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत. आश्रिताचे संरक्षण दुसऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असते. पात्र बालकाला कायद्याने हक्क दिलेला असतो, परंतु तो त्याच्या हाती पडलेला असतोच असे नाही. नोंदलेल्या बालकाला तो प्रत्यक्ष मिळालेला असतो, मात्र पुढील फेरतपासणीपर्यंतच. सुधारणेचा कायदा संमत झाला म्हणजे बालकांना संरक्षण मिळाले, असे समीकरण अनेकदा गृहीत धरले जाते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, अमेरिकेतील प्रत्येक सुधारणेचा बालकांवर झालेला परिणाम समजून घ्यावयाचा तर त्या सुधारणेने बालकाला या तीन अवस्थांपैकी कोठे नेऊन ठेवले, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

आरंभ मोठा आशादायक होता. १९१२ साली संघराज्य शासनाने ‘बालक कार्यालय’ स्थापन केले आणि ज्यूलिया लॅथ्रॉप यांची त्याच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. बालमृत्यूंची पद्धतशीर पाहणी करण्याचे काम या कार्यालयाने हाती घेतले. त्यातूनच पुढे १९२१ चा शेपर्ड-टाउनर कायदा जन्मास आला. या कायद्यान्वये माता व अर्भके यांच्या आरोग्यासाठी राज्यांना अनुदान मिळू लागले. हा विमा नव्हता. आरोग्यशिक्षण, परिचारिकांच्या भेटी आणि तपासणी केंद्रे एवढेच त्याचे स्वरूप होते. तरीसुद्धा अमेरिकन वैद्यक संघटनेने त्याला कडाडून विरोध केला व १९२९ मध्ये त्याची मुदत संपू देण्यात आली. या प्रश्नावर बालरोगतज्ज्ञांचे आपल्या मातृसंस्थेशी मतभेद झाले, आणि १९३० साली त्यांनी आपली स्वतंत्र अकादमी स्थापन केली. बालकांच्या वतीने बोलणारा एक व्यावसायिक गट त्यामुळे निर्माण झाला, ही घटना पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

१९३५ च्या समाजसुरक्षा कायद्यात बालकांना दोन ठिकाणी स्थान मिळाले. पाचव्या प्रकरणात माता व बालक यांच्या आरोग्यासाठी अनुदाने होती. चौथ्या प्रकरणात ‘आश्रित बालकांना साहाय्य’ ही योजना होती. सर्वांसाठी आरोग्यविमा मात्र त्यात नव्हता. वैद्यकीय व्यवसायाच्या विरोधामुळे समाजसुरक्षेचे संपूर्ण विधेयकच बुडेल, या भीतीने तो बाजूला ठेवण्यात आला होता.

याच सुमारास विम्याचा दुसरा प्रवाह खाजगी क्षेत्रात वाहू लागला होता. १९२९ साली डॅलस येथील बेलर रुग्णालयाने शिक्षकांसाठी एक योजना काढली. दरमहा ५० सेंट भरावयाचे आणि त्या मोबदल्यात वर्षाला २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार मिळावयाचे, असे तिचे साधे स्वरूप होते. ‘ब्लू क्रॉस’ योजनांचा उगम येथे मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर शासकीय निर्बंध आले. तेव्हा कामगारांना आकृष्ट करण्यासाठी मालकांनी विम्याचा मार्ग धरला, आणि १९५४ च्या महसूल संहितेने मालकाने भरलेला हप्ता करमुक्त असल्याचे निःसंदिग्धपणे नमूद केले. अशा रीतीने विमा नोकरीशी जखडला गेला व बालक पित्याच्या विमापत्रात ‘आश्रित’ म्हणून दाखल झाले. पित्याची नोकरी गेली की बालकाचे संरक्षणही जाई. बालकाच्या प्रकृतीचा या घडामोडीशी काडीचाही संबंध नसे.

या काळातील एक अपवाद ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४३ साली कनिष्ठ श्रेणीतील सैनिकांच्या पत्नी व अर्भके यांच्यासाठी तातडीची प्रसूती व अर्भकसेवा योजना सुरू झाली. सुमारे १२ लाख मातांना तिचा लाभ मिळाला. उत्पन्नाची चौकशी न करता संघराज्य शासनाने एवढ्या मोठ्या प्रमाणावर वैद्यकीय खर्च उचलल्याचा हा पहिलाच प्रसंग होय. युद्ध संपले आणि योजनाही गुंडाळली गेली. तीत बालकाला जे मिळाले ते सैनिकाचे अपत्य म्हणून; बालक म्हणून नव्हे.

३

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी समाजसुरक्षा कायद्यातील दुरुस्त्यांवर स्वाक्षरी केली, आणि वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ व गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या दोन योजना एकदमच अस्तित्वात आल्या. या दोहोंतील भेद मुळातला आहे. पहिली योजना संपूर्णपणे संघराज्याची असून वयाच्या ६५ व्या वर्षी जवळजवळ प्रत्येक नागरिक तिच्यात प्रवेश करतो. दुसरी राज्यांच्या इच्छेवर सोडलेली. खर्चाचा किमान निम्मा वाटा संघराज्याने उचलावयाचा आणि बाकीचा राज्याने, अशी तिची रचना. ॲरिझोना राज्य तर १९८२ पर्यंत तिच्यात सामीलच झाले नाही.

वृद्धांना जे वयाच्या आधारे मिळाले ते बालकांना का मिळाले नाही? याचे उत्तर वर उल्लेखिलेल्या १९३५ च्या चौथ्या प्रकरणात सापडते. मेडिकेडची पात्रता रोख साहाय्याच्या पात्रतेशी जोडण्यात आली होती. ज्या कुटुंबाला ‘आश्रित बालकांना साहाय्य’ या योजनेतून पैसे मिळत त्याच्याच मुलांना प्रामुख्याने मेडिकेड मिळे. ते साहाय्य मुख्यतः एकट्या मातांच्या कुटुंबांसाठी होते. त्याची उत्पन्नमर्यादा प्रत्येक राज्य आपापल्या मर्जीप्रमाणे ठरवी, आणि दक्षिणेकडील कित्येक राज्यांत ती दारिद्र्यरेषेच्याही बरीच खाली असे. परिणामी आईबाप दोघेही घरात आहेत, बाप तुटपुंज्या मजुरीवर राबतो आहे, अशा घरातील मूल दरिद्री असूनही बहुधा वंचित राही.

१९६७ साली या योजनेत एक मौलिक भर पडली. तीन वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, लष्करभरतीस अपात्र ठरलेल्या तरुणांविषयी एक शासकीय अहवाल प्रसिद्ध झाला होता. भरतीच्या वयाच्या तरुणांपैकी सुमारे एकतृतीयांश तरुण आवश्यक कसोट्यांना उतरणार नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. बालपणीच दोष हेरून त्यावर उपचार व्हावेत, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले, आणि मेडिकेडमधील बालकांची वेळोवेळी तपासणी, निदान व उपचार करण्याची तरतूद कायद्यात आली. १९८९ च्या दुरुस्तीने ती अधिक भक्कम केली. तपासणीत आढळलेल्या दोषावर आवश्यक असा उपचार, तो त्या राज्यात प्रौढांना मिळत नसला तरीही, बालकाला मिळालाच पाहिजे असे ठरले. म्हणजे मेडिकेडमधील बालकाचा हक्क कागदावर तरी प्रौढाच्या हक्कापेक्षा विस्तृत झाला.

पात्रतेची गाठ सैल होण्यास मात्र १९८४ साल उजाडावे लागले. त्या वर्षापासून १९९० पर्यंत अर्थसंकल्पीय विधेयकांच्या पोटात एकामागून एक लहान दुरुस्त्या करण्यात आल्या. प्रतिनिधिगृहातील हेन्री वॅक्समन यांचा या कामी पुढाकार होता, तर बालमृत्यूच्या वाढत्या चिंतेमुळे दक्षिणेकडील काही राज्यपालांचाही त्यांना पाठिंबा लाभला. १९८९ च्या कायद्याने गर्भवती स्त्रिया व ६ वर्षांखालील मुले यांच्यासाठी दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्क्यांपर्यंतची मर्यादा सर्व राज्यांवर बंधनकारक केली. १९९० च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या दरिद्री मुलांनाही आत घेतले. ते मात्र एका अटीवर : मूल ३० सप्टेंबर १९८३ नंतर जन्मलेले असावे. दरवर्षी वयाची एकेक पायरी वाढत जाऊन २००२ साली सर्व मुले आत यावयाची, अशी ही योजना होती.

ही तारीख कोठून आली? बालकाच्या शरीराशी वा रोगाशी तिचा काहीही संबंध नव्हता. संघराज्याचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. १९८४ च्या कायद्यात ती हिशेबाच्या सोयीसाठी घातली गेली आणि पुढच्या कायद्याने ती तशीच उचलली. खर्च एकदम अंगावर येऊ नये एवढाच तिचा हेतू. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. सप्टेंबरअखेर जन्मलेले मूल आणि ऑक्टोबरच्या आरंभी जन्मलेले मूल, दोघेही सारखीच दरिद्री. पण दुसऱ्याला पहिल्यापेक्षा सुमारे पाच वर्षे अधिक पात्रता मिळाली. एखाद्या संशोधकाने मुद्दाम मांडावा तसा हा प्रयोग होता. लॉरा व्हेरी व ब्रूस मायर यांनी या दोन गटांची तुलना केली असता असे दिसले की, रेषेच्या अलीकडे जन्मलेल्या, म्हणजे अधिक काळ पात्र राहिलेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये पौगंडावस्थेच्या उत्तरार्धात रोगजन्य मृत्यूंचे प्रमाण कमी होते. श्वेतवर्णीय मुलांत असा फरक आढळला नाही; त्यांच्यापैकी फार थोडी या तरतुदीच्या कक्षेत येत होती. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच कृष्णवर्णीय मुले वयाच्या २५ व्या वर्षीही रुग्णालयात कमी वेळा दाखल होत असल्याचे दिसून आले. बालपणीच्या विम्याचा लाभ विमा संपल्यानंतरही टिकतो, या विधानाला इतका सबळ आधार क्वचितच मिळतो. त्याचबरोबर हेही विसरता येत नाही की, या ज्ञानाची किंमत रेषेपलीकडे राहिलेल्या मुलांनी चुकती केली होती.

४

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सर्वांसाठी आरोग्यविम्याची योजना १९९४ साली कोसळली. मोठी सुधारणा फसली म्हणजे बालकांचेही नुकसान होते, असा सर्वसाधारण समज आहे. येथे नेमके उलट घडले. सर्वांसाठी जे साधले नाही ते निदान मुलांसाठी साधावे, या विचाराने डेमोक्रॅट पक्षाचे एडवर्ड केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे ऑरिन हॅच हे दोन सिनेटर एकत्र आले. सिगारेटवरील कर वाढवून त्यातून मुलांच्या विम्याला पैसा पुरविण्याची त्यांची कल्पना होती. ५ ऑगस्ट १९९७ रोजी संमत झालेल्या समतोल अर्थसंकल्प कायद्यातून ‘राज्य बालक आरोग्यविमा कार्यक्रम’ अस्तित्वात आला. मेडिकेडसाठी किंचित अधिक उत्पन्न असलेल्या, परंतु खाजगी विमा न परवडणाऱ्या कुटुंबांतील मुले हे त्याचे लक्ष्य होते. दहा वर्षांसाठी सुमारे ४० अब्ज डॉलर त्याकरिता राखून ठेवण्यात आले. त्या वेळी देशातील सुमारे एक कोटी मुले विम्यावाचून होती.

या कार्यक्रमात बालक प्रथमच आपल्या नावाने योजनेच्या मथळ्यावर आले. तथापि तडजोडीची किंमतही त्यात होती. मेडिकेड हा वैयक्तिक हक्क होता : पात्र ठरलेल्या मुलाला नाकारता येत नसे. नव्या कार्यक्रमात राज्यांना ठराविक रक्कम मिळे, आणि ती संपली तर राज्याला प्रवेश बंद करता येई. ॲरिझोनाने जानेवारी २०१० पासून तशी बंदी घातली, ती २०१६ पर्यंत उठली नाही.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा होता. शासकीय विमा वाढला म्हणजे तेवढाच खाजगी विमा घटतो काय? डेव्हिड कटलर व जोनाथन ग्रुबर यांनी १९९६ साली मेडिकेडच्या विस्ताराविषयी असा अंदाज मांडला की, वाढीच्या सुमारे निम्म्याइतकी घट खाजगी विम्यात झाली असावी. नंतरच्या अनेक संशोधकांनी हे प्रमाण बरेच कमी असल्याचे दाखविले. परंतु या आक्षेपाचा प्रभाव असा की, कित्येक राज्यांनी नव्या कार्यक्रमात प्रवेशापूर्वी काही महिने मुलाने विम्याशिवाय काढावेत अशी अट घातली. खाजगी विम्याचे रक्षण करण्यासाठी बालकाला काही काळ असुरक्षित ठेवावयाचे, हे तर्कशास्त्र विलक्षणच म्हटले पाहिजे.

फेब्रुवारी २००७ मध्ये मेरिलँड राज्यात १२ वर्षांचा एक मुलगा दातातील संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचून मरण पावला. कुटुंबाचे मेडिकेड मध्यंतरी खंडित झाले होते. या मृत्यूने देशाचे लक्ष दंतोपचारांच्या उणिवेकडे वेधले. त्याच वर्षी कार्यक्रमाच्या विस्ताराचे विधेयक राष्ट्राध्यक्ष बुश यांनी दोनदा नकाराधिकार वापरून परत पाठविले. खाजगी विम्याची जागा शासन घेईल हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. अखेर ४ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी नव्या विधेयकावर स्वाक्षरी केली. सिगारेटच्या पाकिटावरील कर ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंट झाला, दंतोपचार बंधनकारक ठरले, आणि कायदेशीर रीतीने स्थलांतरित झालेल्या मुलांना १९९६ च्या कायद्याने लादलेली पाच वर्षांची प्रतीक्षा माफ करण्याची मुभा राज्यांना मिळाली. मराठी भाषकांसह सर्वच नवागत कुटुंबांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची होती. मात्र ‘मुभा’ हा शब्द येथेही आलाच, त्यामुळे मुलाचे भवितव्य पुन्हा त्याच्या राज्यावर अवलंबून राहिले.

५

२३ मार्च २०१० चा आरोग्यसुधारणा कायदा मुख्यतः प्रौढांसाठी होता. तरीही त्याचे बालकांवर झालेले परिणाम बहुविध आहेत. पूर्वीपासून असलेल्या रोगाच्या कारणाने मुलांचे विमासंरक्षण नाकारण्यास त्याच वर्षी सप्टेंबरपासून मनाई झाली. पालकांच्या विमापत्रात अपत्यांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत राहता येऊ लागले. ‘आश्रित’ या संज्ञेची वयोमर्यादा अशा रीतीने बालपणाच्या फार पुढे गेली. मुलांची पात्रता राज्यांनी घटवू नये असेही बंधन आले. ६ वर्षांखालील मुलाला एक मर्यादा आणि त्याच्या थोरल्या भावंडाला दुसरी, त्यामुळे एकाच घरातील दोन मुले दोन योजनांत, ही १९९० पासूनची विसंगती २०१४ मध्ये दूर झाली.

परंतु सर्वांत मोठा परिणाम अप्रत्यक्ष होता. प्रौढांसाठी मेडिकेडचा विस्तार झाला तेव्हा पालक स्वतःसाठी अर्ज करू लागले, आणि आधीपासूनच पात्र असलेली त्यांची मुलेही त्याबरोबर नोंदली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१३ ते २०१५ या काळात सुमारे ७ लाख १० हजार मुलांना पालकांच्या विस्तारामुळे संरक्षण मिळाले. या मुलांसाठी कायद्यात एक अक्षरही बदलले नव्हते. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हा विस्तार राज्यांसाठी ऐच्छिक ठरला. टेक्सासने तो स्वीकारला नाही, आणि २०१९ साली तेथील १२.७ टक्के मुले विम्याविना होती, तर मॅसॅच्युसेट्समध्ये हेच प्रमाण १.५ टक्के होते. एवढ्या अंतराला हे एकच कारण होते असे मानता येणार नाही. पण ते एक कारण होते यात संशय नाही.

याच कायद्यातील एका उणिवेने उलट दिशेचे उदाहरण पुरविले. मालकाने देऊ केलेला विमा परवडणारा आहे किंवा नाही, हे केवळ नोकरदाराच्या एकट्याच्या हप्त्यावरून ठरविले जाई. संपूर्ण कुटुंबाचा हप्ता कितीही जड असला तरी मुलांना शासकीय सवलत मिळत नसे. ही चूक ऑक्टोबर २०२२ मधील नियमाने दुरुस्त झाली. तोवर नोकरदार ‘संरक्षित’ आणि त्याचे आश्रित निराधार, अशी स्थिती अनेक घरांत होती.

६

२०१६ साली विम्याविना असलेल्या मुलांचे प्रमाण ४.७ टक्क्यांपर्यंत खाली आले. तोपर्यंतचा तो नीचांक होता. २०१९ मध्ये ते ५.७ टक्क्यांवर गेले, म्हणजे सुमारे ३६ लाखांवरून ४४ लाखांवर. या तीन वर्षांत मुलांच्या पात्रतेच्या मर्यादा मोठ्या प्रमाणात घटविल्या गेल्या नव्हत्या, आणि नोकऱ्याही वाढत होत्या. बदलले होते ते प्रशासनाचे वर्तन : नोंदणीच्या प्रचारासाठीचा पैसा घटला, काही राज्यांत फेरतपासण्या वाढल्या, आणि स्थलांतरित कुटुंबांत योजनेचा लाभ घेतल्यास वास्तव्याचा हक्क धोक्यात येईल ही भीती पसरली.

मार्च २०२० मध्ये साथीच्या संकटामुळे काँग्रेसने राज्यांना अधिक निधी दिला व त्या बदल्यात कोणालाही मेडिकेडमधून काढू नये अशी अट घातली. ती ३१ मार्च २०२३ रोजी संपली. त्यानंतरच्या फेरतपासणीत सर्व वयांचे मिळून २.५ कोटींहून अधिक लोक वगळले गेले. त्यांपैकी बहुसंख्य अपात्र ठरल्यामुळे नव्हे, तर कागदपत्रांच्या कारणाने : पत्र जुन्या पत्त्यावर गेले, उत्तर वेळेत पोहोचले नाही, एखादा दाखला जोडला गेला नाही. १ जानेवारी २०२४ पासून १९ वर्षांखालील मुलांना सलग १२ महिने संरक्षण देण्याचे बंधन सर्व राज्यांवर आले, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. तरीही २०२४ साली विम्याविना मुलांचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांपर्यंत चढले.

४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने विस्तारातील प्रौढांसाठी दरमहा ८० तासांच्या कामाची अट आणि सहामाही फेरतपासणी ठरविली. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांना कामाच्या अटीतून वगळले आहे. मुलांना तर ती मुळीच लागू नाही. परंतु सवलत मिळविण्यासाठीही पालकाला ती सिद्ध करावी लागेल. २०१४ नंतर पालकांच्या बरोबर मुले आत आली, हे वर पाहिलेच आहे. पालक बाहेर पडले तर मुले आत राहतील, असे मानण्यास इतिहासात आधार सापडत नाही.

७

एका शतकाहून अधिक काळाचा हा आढावा घेतल्यावर दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, बालकांच्या संरक्षणाची प्रगती नेहमी मोठ्या सुधारणेच्या पावलांवर पाऊल टाकून झालेली नाही. १९८४ ते १९९० मधील अप्रसिद्ध दुरुस्त्या आणि १९९४ च्या अपयशातून उगवलेला १९९७ चा कार्यक्रम यांनी मुलांना जेवढे दिले तेवढे अनेक गाजलेल्या घोषणांनी दिले नाही. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. बालकाला आश्रितावस्थेतून बाहेर काढून पात्र करण्याचे काम कायद्याने बव्हंशी पार पाडले आहे. मेडिकेड व बालक कार्यक्रम मिळून आज साडेतीन कोटींहून अधिक मुलांना संरक्षण देतात. परंतु पात्र मुलाला नोंदलेले ठेवण्याचे काम कायद्याच्या कलमांत नव्हे, तर अर्ज, नूतनीकरण, पत्ता आणि मुदत यांच्या क्षेत्रात घडते, आणि तेथे मूल आजही पालकांच्या हातांवर अवलंबून आहे. विम्याविना असलेल्या मुलांपैकी पुष्कळशी मुले कायद्याने पात्रच आहेत, हे या इतिहासातील सर्वांत बोलके तथ्य होय.

म्हणून यापुढील अभ्यासकाने सुधारणेचे मूल्यमापन करताना कायदा कोणाला पात्र ठरवितो एवढेच विचारून थांबू नये. वर्षभरानंतर त्या मुलाचे नाव यादीत आहे काय, हाही प्रश्न त्याने विचारला पाहिजे. वृद्धाला ६५ व्या वर्षी मिळालेले संरक्षण त्याच्या हयातीत दरवर्षी पुन्हा सिद्ध करावे लागत नाही; नवजात बालकाला मात्र आपले दारिद्र्य पुनःपुन्हा सिद्ध करावे लागते. १९६५ साली एकाच स्वाक्षरीने निर्माण झालेला हा भेद साठ वर्षांनंतरही मिटलेला नाही.